झिजेचा हिशेब

अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे इंग्रजांचे डोळे लागले. त्याच दशकात हॅरी रिव्हेट-कारनॅक या अधिकाऱ्याकडे मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे कापूस आयुक्तपद आले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा सरकारी दप्तरात ‘वून’, म्हणजे वणीच्या नावाने लागे. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ मध्ये मिळाले. यवतमाळ गावाला जवळचे मोठे स्टेशन धामणगावचे, सुमारे २९ मैलांवर. जिल्ह्यातला कापूस मुंबईला जायचा असेल तर आधी ही वाट बंडीने, म्हणजे बैलगाडीने, तुडवायची.

बंडीचे चाक बाभळीचे. मधोमध तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर पुठ्ठे आणि सगळ्याला बाहेरून आवळणारी लोखंडी धाव. धाव चढवण्याचे काम लोहाराचे. पट्टी वळवून तो कडे जोडी आणि त्याचा घेर चाकापेक्षा किंचित कमीच ठेवी. मग गोवऱ्यांच्या आगीत ते कडे लाल होईपर्यंत तापवायचे, दोघातिघांनी सांडशीने उचलून चाकावर बसवायचे आणि वरून पाणी ओतायचे. लोखंड आखडले की पुठ्ठ्यांचे सांधे घट्ट बसत. उन्हाळ्यात उलटे होई. लाकूड वाळून आकसे, धाव सैल पडे, आणि गाडीवान चाके काढून डोहात भिजत ठेवत.

या जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर वसला आहे. रस्त्याची खडीही त्याच दगडाची. ताज्या फुटलेल्या बेसॉल्टला धारदार कडा असतात आणि धाव त्यावर घासून पातळ होत जाते. किती पातळ झाली हे लोहार बोटाने चाचपून सांगे, आणि सैल झाली की गाडीवानाला ते खडखडाटावरून कळे. झीज ओळखण्याची विद्या तेव्हा होती, पण ती माणसाच्या हातात आणि कानात होती. ती कागदावर उतरलेली नव्हती.

१९०३ मध्ये किलिक-निक्सन कंपनीने मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची अडीच फुटी रेल्वे सुरू केली. लोक तिला पुढे शकुंतला म्हणू लागले. लांबची वाहतूक तिच्याकडे गेली तरी शेतातून बाजारात आणि बाजारातून स्टेशनात माल बंडीच नेत राहिली. आणि बंडीच्या अरुंद लोखंडी धावा रस्ते कापत राहिल्या. मोटारी वाढू लागल्या तसा हा प्रश्न सरकारलाही जाचू लागला. १९२७ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय रस्ते विकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतून पुढे केंद्रीय रस्ता निधी आणि १९३४ ची इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. १९४३ मध्ये देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमले. त्यांनी आखलेला वीस वर्षांचा आराखडा ‘नागपूर योजना’ म्हणून प्रसिद्ध आहे. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामरस्ते ही आपल्या तोंडी बसलेली वर्गवारी त्या योजनेची.

तोवर रबर येऊन पोचले होते. जॉन बॉइड डनलॉपने बेलफास्टमध्ये हवेचा टायर बनवला तो १८८८ मध्ये. भारतातला पहिला टायर कारखाना त्याच्याच नावाच्या कंपनीने १९३६ मध्ये बंगालमधल्या साहागंजला काढला. त्या सुमारास बैलगाडीसाठीही हवेचे टायर निघाले, आणि गाडी कोणत्याही कारखान्याचे टायर लावून चालो, तिला ‘डनलॉप’ म्हणण्याची रीत पडली. बैलांच्या मानेवरचा भार हलका झाला. रस्त्याची कापाकापी थांबली. झिजायचे ते आता रस्त्याऐवजी चाकाने झिजायचे होते, आणि या चाकाला पैसे पडत होते.

सुरुवातीचे टायर पांढरट असत. रबराला बळकटी यावी म्हणून त्यात जस्ताचे भस्म, झिंक ऑक्साइड, मिसळत. १९०४ मध्ये लंडनच्या सिल्व्हरटाउन भागातल्या रबर कारखान्यात एस. सी. मोट यांना आढळले की काजळी मिसळली तर रबर कितीतरी चिवट होते. १९१० नंतर अमेरिकेतल्या गुडरिच कंपनीने हे ज्ञान टायरमध्ये आणले. टायर काळा झाला आणि त्याचे आयुष्य पूर्वीच्या कैक पटींनी वाढले. पण त्यातून एक नवाच पेच उभा राहिला. काजळीचे प्रकार अनेक, तिचे प्रमाण बदलता येते, गंधक किती, तेल किती, रबर कुठले, अशी शेकडो मिश्रणे शक्य होती. प्रत्येक मिश्रणाचे टायर बनवून गाडीला लावायचे आणि ते गोटा होईपर्यंत वर्षभर वाट पाहायची, हे कुठल्याच कारखान्याला परवडणारे नव्हते. रस्त्याचे काम चार दिवसांत उरकणारे यंत्र हवे होते.

१९२० च्या दशकात अशी यंत्रे एकामागून एक आली. अमेरिकेत आयरा विल्यम्स यांनी १९२७ मध्ये फिरत्या पॉलिश पेपरच्या तबकडीला रबराचे तुकडे टेकवून घासण्याची पद्धत मांडली. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये लॅम्बोर्न यांनी रबराचे छोटे चाकच खरखरीत चाकावर फिरवले आणि त्याला थोडे मागे रोखून धरले. खरा टायरही रस्त्यावर असाच थोडा घसरत फिरतो. अ‍ॅक्रॉन ही अमेरिकेतली टायरनगरी. तिचे नाव मिळालेल्या यंत्रात रबराचे चाक दगडी चाकाला तिरके लावतात, जणू गाडी सतत वळणावरच आहे.

आज सर्वांत जास्त चालतो तो जर्मन पद्धतीचा ड्रम. भारतीय मानक ३४०० च्या तिसऱ्या भागात ही फिरत्या ड्रमची चाचणी दिलेली आहे. १५० मिलिमीटर व्यासाचा ड्रम, त्यावर ६० क्रमांकाचा पॉलिश पेपर. १६ मिलिमीटर व्यासाची रबराची गोटी १० न्यूटन, म्हणजे साधारण एक किलो वजनाच्या दाबाने त्यावर टेकवायची. ड्रम मिनिटाला ४० फेरे घेतो आणि गोटी हळूहळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते, म्हणजे प्रत्येक क्षणी तिच्याखाली नवा कागद असतो. एकूण वाट ४० मीटरची. दोन मिनिटांत काम संपते. गोटी आधी तोललेली असते, ती पुन्हा तोलायची आणि कमी झालेले वजन घनतेने भागून किती घन मिलिमीटर रबर गेले ते लिहायचे. सगळे पॉलिश पेपर सारखे नसतात, म्हणून प्रत्येक कागद आधी एका प्रमाण रबरावर पारखून घेतात.

दोन मिनिटांत उत्तर मिळते. ते किती विश्वासाचे?

थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. समजा, ट्रकच्या टायरवर १५ मिलिमीटर खोल नक्षी आहे आणि ती ७५,००० किलोमीटरमध्ये घासली जाते. म्हणजे ५,००० किलोमीटरला एक मिलिमीटर. किलोमीटरमागे ०.०००२ मिलिमीटर. आता ड्रमवरची गोटी घ्या. तिचे तोंड सुमारे २०० चौरस मिलिमीटरचे. तिच्यातून १०० घन मिलिमीटर रबर गेले, आणि टायरच्या मिश्रणाला हा आकडा वावगा नाही, तर ४० मीटरमध्ये अर्धा मिलिमीटर झीज झाली. किलोमीटरच्या हिशेबात साडेबारा मिलिमीटर. रस्त्यापेक्षा साठ हजार पटींनी जास्त! यंत्राने रस्त्याचा वेग नुसता वाढवलेला नाही, घासण्याची जातच बदलली आहे. धारदार दाण्यांवर घासटत नेलेले रबर कापले जाते. रस्त्यावरचे बरेचसे रबर ताणून, थकून, कणाकणाने सुटते. ड्रमवर पहिला आलेला नमुना महामार्गावर तिसरा का येतो, हे कोडे रबर-रसायनज्ञांना अनेक वर्षे सतावत होते. पॉलिश पेपरवर आणखी एक खोट निघे: काही मिश्रणे घासताना चिकट होत, त्यांचा लगदा कागदाच्या दाण्यांत बसे आणि कागदच बोथट होई. मग खोटेच चांगले आकडे येत. त्यावर उपाय म्हणून घासणीच्या जागी बारीक भुकटी सोडत.

कोड्याचे उत्तर शोधताना अ‍ॅडॉल्फ शालामाख या शास्त्रज्ञाने गुंतागुंतीचे यंत्र बाजूला ठेवून सुई घेतली. ब्रिटनमधल्या नैसर्गिक रबर उत्पादकांच्या संशोधन संस्थेत ते काम करत. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात एकच सुई रबरावरून ओढली जाते, आणि रबराचे काय होते ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जाते. सुई पुढे सरकते, रबर तिला चिकटून ताणले जाते, मागच्या बाजूला चिरते आणि निसटून जागेवर येते. पुष्कळ वेळा घासलेल्या पृष्ठभागावर नदीकाठच्या वाळूत वाऱ्याने उठाव्यात तशा आडव्या वळ्या दिसतात. शालामाख यांनी दाखवले की झीज या वळ्यांच्या जिभांखाली होते. जीभ दुमडते, तिच्या मुळाशी चीर वाढते आणि शेवटी कण सुटतो. रबराचा सगळा इतिहास पाहिला तरी इतक्या साध्या साधनाने इतके खोल काही सांगणारे प्रयोग थोडेच सापडतील.

१९६० मध्ये शालामाख आणि टर्नर यांनी घसरत्या चाकांच्या झिजेवर लिहिले. सरळ रस्त्यावर मोकळा फिरणारा टायर फार घासत नाही. तो घासतो वळताना, कारण वळणावर चाकाची दिशा आणि गाडीची दिशा यांच्यात थोडा कोन पडतो आणि नक्षीचा मागचा भाग जमिनीवरून सरकतो. त्यांच्या मांडणीप्रमाणे झीज या कोनाच्या जवळपास वर्गाने वाढते. कोन दुप्पट तर झीज चौपट. वडकीहून करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी करत पैनगंगेकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर सरळ धावणारा ट्रक आणि पुसद-उमरखेडच्या डोंगराळ भागात वळणे घेणारी बस यांच्या टायरच्या आयुष्यात मोठा फरक का पडावा, ते या वर्गाच्या नियमातून कळते. अलाइनमेंट बिघडले तर टायर एकतर्फी का घासतो, तेही. बिघडलेल्या चाकाला सरळ रस्ताही वळणच असतो.

पण विदर्भाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम त्यानंतरचे आहे. ग्रॉश आणि शालामाख यांनी १९६१ मध्ये घसर नियंत्रित ठेवून खऱ्या टायरांची झीज मोजली आणि तापमानाकडे लक्ष दिले. नैसर्गिक रबर आणि कृत्रिम एसबीआर रबर यांची तुलना केली तर थंड टायरमध्ये नैसर्गिक रबर कमी झिजते. टायरचा पृष्ठभाग तापत गेला की नैसर्गिक रबराची झीज वेगाने वाढते आणि एका तापमानानंतर क्रम उलटतो. एसबीआर सरस ठरते. म्हणजे ‘कोणते रबर जास्त टिकते?’ या प्रश्नाला उत्तरच नाही, जोवर ‘किती तापमानात?’ हे विचारले जात नाही. इंग्लंडच्या हिवाळ्यात जिंकलेले मिश्रण मे महिन्यातल्या पांढरकवड्याच्या डांबरावर हरू शकते. त्यात आणखी एक अडचण आहे. जड ट्रकच्या टायरला नैसर्गिक रबरच हवे, कारण वारंवार दबताना ते आतून कमी तापते. पृष्ठभागाची झीज वाचवावी की पोटातली उष्णता, ही निवड प्रत्येक ट्रक टायरच्या मिश्रणात करावी लागते. २०-२५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत फिरणारा ड्रम ती निवड करून देऊ शकत नाही.

ग्रॉश यांनीच पुढे ‘एलएटी १००’ हे यंत्र घडवले. त्यात रबराचे लहान चाक खरखरीत तबकडीवर फिरते आणि भार, वेग व कोन हे तिन्ही बदलता येतात. एका आकड्याऐवजी अनेक परिस्थितींतल्या झिजेचा नकाशा हाती येतो. तबकडीवर कोणता दगड, किती धारदार, हाही प्रश्न उरतोच. तरी रस्ता म्हणजे एक वस्तू नसून अनेक परिस्थितींचा मेळ आहे, ही समजूत या यंत्रात उतरली हे त्याचे मोठेपण.

अमेरिकी सरकारने मात्र प्रयोगशाळेला बगल दिली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथे कारच्या टायरवर झिजेची श्रेणी छापणे आले. ती ठरवण्यासाठी टेक्सासमधल्या सॅन अँजेलोभोवती ४०० मैलांचा फेरा आखला. चार गाड्यांचा ताफा एकामागून एक तोच रस्ता कापतो, ७,२०० मैल. एका गाडीवर प्रमाण टायर असतो, बाकींवर परीक्षेचे. रस्ता, ऊन, पाऊस सर्वांना सारखे, म्हणून तुलना खरी. प्रमाण टायरला १०० धरून इतरांना आकडा मिळतो. पण हा आकडा टेक्सासच्या रस्त्याचा आहे, आणि यवतमाळच्या दुकानात कारचा टायर निवडताना त्याकडे त्याच भानाने पाहायला हवे.

महाराष्ट्रात या विद्येची दोन मोठी घरे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधली रबर उत्पादकांची संशोधन संस्था, इर्म्रा, १९५० च्या दशकाच्या अखेरीस वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या छायेत सुरू झाली. दुसरी पुण्याजवळ भोसरीची केंद्रीय मार्ग परिवहन संस्था, १९६७ ची, केंद्र सरकार आणि राज्यांच्या परिवहन महामंडळांची संघटना यांनी मिळून काढलेली. दुसरीच्या जन्माला कारण एसटीसारख्या संस्था. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला, इथली प्रांतीय वाहतूक सेवा तिकडच्या महामंडळात मिळाली आणि १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ झाले. डिझेलनंतर गाडीच्या खर्चात टायर ही मोठी बाब असते. त्यामुळे एसटीत प्रत्येक टायरला क्रमांक असतो. तो कोणत्या गाडीला, कोणत्या चाकाला, किती किलोमीटर चालला, केव्हा काढला, केव्हा रिमोल्ड केला, म्हणजे त्यावर नवी नक्षी चढवली, याची नोंद होते. नवा टायर पुढे, रिमोल्ड मागे, ही शिस्त.

या नोंदींचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. यवतमाळ विभागात वणी, पांढरकवडा, पुसद, उमरखेड, दारव्हा, दिग्रस, नेर, राळेगाव अशी आगारे आहेत. काही सपाटीची, काही चढउताराची, काही कोळशाच्या धुळीची. एकाच बनावटीचे टायर, एकाच प्रकारच्या गाड्या, आणि रस्ते मात्र वेगवेगळे. सॅन अँजेलोचा ताफा जे मुद्दाम घडवतो ते इथे दर दिवशी आपोआप घडते. प्रयोगशाळेतले आकडे या नोंदींशी ताडून पाहिले तर कोणत्या भार-कोन-तापमानाला यंत्र चालवावे हे विदर्भाच्या रस्त्यावरूनच ठरवता येईल. पलीकडे नागपूरजवळ बुटीबोरीला सिएटचा टायर कारखाना आहे. यवतमाळहून तिथे जायला कळंब-वर्धा मार्गे राष्ट्रीय महामार्ग ३६१ आहे. परीक्षेचा रस्ता आणि टायर बनवणारी जागा एकमेकांच्या इतक्या जवळ असण्याचा हा योग वाया जाऊ नये.

वणीच्या कोळशाच्या पट्ट्यात सगळा हिशेबच वेगळा. उकणी, कोलारपिंपरी अशा वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींत फिरणाऱ्या डंपरचा टायर माणसाहून उंच असू शकतो. तो घासून क्वचितच संपतो. दगडाच्या धारेने कापला जातो, त्याचे टवके उडतात. पॉलिश पेपरवर अव्वल ठरलेले कडक रबर इथे टवक्या-टवक्याने निघून जाऊ शकते. म्हणून अमेरिकेत गुडरिचच्या बीटी आणि मिक्श यांनी १९८२ मध्ये वेगळी चाचणी मांडली: फिरत्या रबरी चाकावर पोलादी पात्याचे घाव ठराविक जोराने पाडायचे आणि किती रबर उडाले ते तोलायचे. उष्णतेची मर्यादाही खाणीच्या टायरला वेगळी लावतात. टायरवरचा सरासरी भार टनांत, त्याला दिवसभराच्या सरासरी वेगाने गुणायचे. हा टन-किलोमीटर-प्रतितास आकडा टायरच्या मर्यादेपलीकडे गेला की तो आतून भाजून फाटतो. आणि खाणीत टायरचे आयुष्य किलोमीटरपेक्षा तासांत लिहितात.

रस्त्यावरच्या टायरवर नक्षीच्या खाचांत १.६ मिलिमीटर उंचीच्या छोट्या पट्ट्या असतात. नक्षी घासून त्यांच्या बरोबरीला आली की टायर बदलायचा. संपलेले टायर तरी वाया जात नाहीत; काही रिमोल्डला जातात, काहींच्या चपला होतात. पण नक्षीतले जे रबर गेले ते कुठे गेले, हा प्रश्न शंभर वर्षे कोणी फारसा विचारला नाही. ते धूळ होऊन रस्त्याकडेला पडते, पावसाने नाल्यात जाते, शेतात उतरते. युरोपने २०२४ च्या ‘युरो ७’ नियमांत पहिल्यांदा या धुळीला मर्यादा घालायचे ठरवले. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या मंचावर कारच्या टायरसाठी मोजणीच्या दोन पद्धती मान्य झाल्या. पहिलीत गाड्यांचा ताफा खऱ्या रस्त्यावर सुमारे ८,००० किलोमीटर चालवतात, दुसरीत तेच काम प्रयोगशाळेतल्या ड्रमवर होते. प्रत्येक टन भारामागे दर किलोमीटरला किती मिलिग्रॅम रबर गेले, ते मोजायचे. कारच्या नव्या प्रकारच्या टायरांना ही अट जुलै २०२८ पासून लागायची आहे. ट्रक आणि बसच्या टायरांसाठीचे वर्ष २०३२ आहे.